डॉक्सोरुबिसिन : ‘लाल औषधा’च्या दुष्परिणामांपैकी घाबरायचे कशाला आणि धावपळ करायची कशासाठी?

केमोथेरपीच्या वॉर्डात टांगलेल्या बहुतेक पिशव्यांमधले औषध पाण्यासारखे दिसते. डॉक्सोरुबिसिन मात्र दुरूनही ओळखू येते, कारण ते लालभडक असते. अनेक रुग्ण त्याला नावाने ओळखतच नाहीत. ‘लाल औषध’ किंवा ‘लाल इंजेक्शन’ एवढेच म्हणतात. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, हाडांचे व स्नायूंचे सार्कोमा, लहान मुलांचे काही कर्करोग अशा अनेक आजारांत हे औषध वापरले जाते. वापरात येऊन पन्नास वर्षे झाली तरी त्याची जागा पूर्णपणे घेणारे दुसरे औषध अजून आलेले नाही.

त्याच्याविषयीची भीतीही तितकीच जुनी आहे. अडचण अशी, की ही भीती अनेकदा चुकीच्या ठिकाणी खर्च होते. पहिल्या डोसनंतर लघवी लाल झाली की घरातले सगळे हादरतात, पण त्यात धोक्याचे काही नसते. उलट बाराव्या दिवशी आलेला साधा ताप ‘हवा बदलली म्हणून आला असेल’ असे म्हणत अंगावर काढला जातो आणि तोच जिवावर बेतू शकतो. हृदयावर होणारा परिणाम तर कित्येक महिने दिसतही नाही.

नाव आणि रंग कुठून आला?

इटलीच्या दक्षिणेकडील अपुलिया प्रांतात कास्तेल देल मोन्ते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला त्याच्या परिसरातील मातीत ‘स्ट्रेप्टोमायसिस प्युसेटियस’ हा जीवाणू सापडला. तो लाल रंगाचे द्रव्य तयार करत असे. त्यातून आधी डॉनोरुबिसिन मिळाले. या नावात त्या भागातील ‘डॉनी’ या प्राचीन जमातीचे नाव आणि माणकासाठीचा फ्रेंच शब्द, असे दोन्ही आहेत. पुढे फार्मिटालिया कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच जीवाणूच्या बदललेल्या वाणापासून १९६९ मध्ये डॉक्सोरुबिसिन मिळवले. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ‘अ‍ॅड्रियामायसिन’ म्हटले गेले. भारतातही अनेक डॉक्टर अजून हेच नाव वापरतात आणि फाइलवर नुसते ‘ए’ लिहितात. ‘एसी’ या प्रसिद्ध जोडीतला ‘ए’ तो हाच. ‘सी’ म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड. अमेरिकेत या औषधाला १९७४ मध्ये मान्यता मिळाली.

रंग औषधाच्या रेणूचाच आहे. त्यात कृत्रिम रंग मिसळलेला नसतो. औषधाचा बराचसा भाग यकृतावाटे पित्तात जातो आणि थोडा लघवीतून बाहेर पडतो. त्यामुळे डोसनंतर एक-दोन दिवस लघवी लालसर किंवा नारिंगी होते. ते रक्त नव्हे. हा रंग दोन दिवसांनंतरही टिकला, लघवी करताना जळजळ होत असली किंवा रक्ताच्या गुठळ्या दिसल्या, तर मात्र कारण वेगळे असू शकते. सोबतचे सायक्लोफॉस्फमाइड कधीकधी मूत्राशयाला इजा करते. म्हणूनच या दिवसांत भरपूर पाणी प्यायला सांगतात.

औषध शिरेबाहेर गेले तर

डॉक्सोरुबिसिन फक्त शिरेतून देतात. दंडात किंवा कमरेत टोचायचे हे इंजेक्शन नाही, कारण शिरेबाहेर सांडल्यास ते आजूबाजूची त्वचा आणि मांस जाळते. सुई किंचित हलली, शीर फुटली आणि थोडेसे औषध बाहेर झिरपले, तरी तिथे आग होऊ लागते व सूज येते. कधीकधी सुरुवातीला फारसे काही जाणवतही नाही आणि काही दिवसांनी त्वचा काळी पडून जखम होते. ही जखम लवकर भरत नाही. काहींना शस्त्रक्रिया करून त्वचारोपण करावे लागते.

म्हणूनच औषध जाताना हाताला आग, टोचल्यासारखे किंवा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच क्षणी सिस्टरला सांगावे. ‘एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा’ हा संकोच इथे महागात पडतो. औषध ताबडतोब थांबवले जाते, उरलेले औषध त्याच नळीतून ओढून घेण्याचा प्रयत्न होतो आणि त्या जागी थंड शेक देतात. गरम शेक देत नाहीत. डेक्सराझोक्सेन नावाचा उतारा उपलब्ध आहे, पण पहिला डोस सहा तासांच्या आत द्यावा लागतो. घरी गेल्यावर सूज दिसली तर सकाळची वाट पाहू नये, ती यामुळे.

काही रुग्णांना डोस चालू असताना शिरेच्या रेषेवर लाली येते आणि खाज सुटते, पण सूज किंवा वेदना नसते. ही शिरेची तात्पुरती प्रतिक्रिया असते आणि बहुधा थोड्या वेळात ओसरते. मात्र दोन्हींतला फरक ठरवण्याचे काम रुग्णाचे नाही. त्याने सांगायचे, पाहणाऱ्याने पाहायचे. हाताच्या शिरा बारीक असतील किंवा बरेच डोस द्यायचे असतील, तर छातीत त्वचेखाली केमोपोर्ट बसवण्याचा सल्ला देतात, त्यामागचे मोठे कारण हेच.

उलटीचे चित्र आता बदलले आहे

चित्रपटांनी केमोथेरपी म्हणजे सतत ओकणारा रुग्ण असे चित्र मनात ठसवले. एसी ही जोडी आजही सर्वांत जास्त मळमळ आणणाऱ्या केमोंमध्ये मोजली जाते, हे खरे. पण मळमळीवरची औषधे गेल्या तीन दशकांत कितीतरी सुधारली. ऑन्डानसेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामेथासोन, अ‍ॅप्रेपिटंट आणि ओलान्झापीन अशी चार प्रकारची औषधे एकत्र देण्याची पद्धत आता रूढ आहे.

यातले ओलान्झापीन मुळात मानसिक आजारांवरचे औषध. दुकानदाराने किंवा इंटरनेटने ते सांगितले की काही घरांत गोंधळ उडतो आणि गोळी बाजूला ठेवली जाते. मेंदूतील मळमळीच्या संदेशांना ते उत्तम रोखते, एवढेच तिथे त्याचे काम असते. त्याने झोप मात्र फार येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिले तरी उलट्या तितक्याच आटोक्यात राहतात आणि दिवसाची गुंगी कमी होते, असे दिसले. एसी घेणाऱ्या रुग्णांचा या चाचणीत समावेश होता. गोळीने दिवसभर डोळे उघडत नसतील तर ती परस्पर बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना विचारावे.

मळमळ डोसच्या दिवशी सुरू होऊन साधारण चार-पाच दिवस राहू शकते. त्यामुळे गोळ्या ठरवून दिलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या असतात. उलटी झाल्यावर घ्यायच्या नसतात. पहिल्या वेळी त्रास आटोक्यात ठेवणे विशेष महत्त्वाचे, कारण पहिला डोस वाईट गेला की पुढच्या वेळी रुग्णालयाचा वास आला तरी पोटात ढवळू लागते. २४ तास पाणीही पोटात ठरत नसेल, तर सलाईनची गरज असते.

दुसऱ्या आठवड्यातला ताप

संपूर्ण लेखातून एकच परिच्छेद लक्षात ठेवायचा असेल, तर तो हा. डॉक्सोरुबिसिन अस्थिमज्जेतील नव्या रक्तपेशींची निर्मिती तात्पुरती मंदावते. रक्तातील जुन्या पांढऱ्या पेशी काही दिवस काम चालवतात आणि मग संपत येतात. डोसनंतर साधारण १० ते १४ दिवसांनी त्यांची संख्या सर्वांत खाली जाते आणि २१ व्या दिवसापर्यंत बहुधा सावरते. दर तीन आठवड्यांनी डोस देण्याचे गणित त्यावर बसवलेले आहे. रुग्णांच्या भाषेत याला ‘काउंट पडणे’ म्हणतात.

काउंट पडल्याचे शरीर सांगत नाही. पांढऱ्या पेशीच नसल्यामुळे पू होत नाही, घसा लाल दिसत नाही, खोकल्यात कफही नसतो. अनेकदा ताप ही एकच खूण असते. त्यामुळे थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला, तर दिवस असो वा रात्र, रुग्णालय गाठायचे. तिथे पोहोचल्यावर तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे, असा दंडक आहे. कारण या अवस्थेत जंतुसंसर्ग काही तासांत रक्तदाब कोसळवू शकतो.

आपल्याकडे होणारी नेहमीची चूक म्हणजे पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहणे. ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो. दुसरी चूक म्हणजे रुग्णाला केमो चालू आहे हे न सांगता जवळच्या दवाखान्यातून दोन दिवसांच्या गोळ्या आणणे. मुंबई-पुण्याला केमो घेऊन गावी परतलेल्या रुग्णाने तापासाठी परत तिथवर जायची गरज नसते. जवळच्या, सीबीसी आणि शिरेतून औषधे देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि आत शिरतानाच ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला’ हे सांगावे. थंडी वाजून हुडहुडी भरणे, दम लागणे, बडबडणे किंवा खूप गळून जाणे यांसाठी तर तापाच्या आकड्याचीही वाट पाहू नये.

काहींना काउंट वाढवणारे फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम हे इंजेक्शन दिले जाते. त्यानंतर कंबर, मांड्या आणि छातीचे हाड ठणकते. मज्जा जोमाने कामाला लागल्याची ती खूण असते.

केस, तोंड आणि नखे

वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हे औषध घाव घालते. डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या ‘टोपोआयसोमरेज-२’ या विकराला ते अडवते, डीएनएचे धागे तुटतात आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात, पण केसांची मुळे आणि तोंडातील आतले आवरणही वेगाने वाढते.

केस दोन ते तीन आठवड्यांत गळू लागतात आणि बहुतेकांचे जवळजवळ पूर्ण जातात. भुवया व पापण्याही विरळ होतात. ते परत येतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत चांगले दिसू लागतात, सुरुवातीला कधीकधी कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे. लांब केसांच्या अनेक स्त्रिया ते उशीवर पुंजक्यांनी पडताना पाहण्यापेक्षा आधीच आखूड कापून घेतात. डोक्याला थंडावा देणारी टोपी काही केमोंमध्ये केस वाचवते. डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत तिचे यश बरेच कमी आहे, हे पैसे भरण्याआधी माहीत असावे.

पाच ते दहा दिवसांच्या दरम्यान तोंड येऊ शकते. मिठाच्या किंवा खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरावी, मऊ ब्रश वापरावा, झणझणीत आणि आंबट पदार्थ टाळावेत. पेज, मऊ भात, गार झालेली खिचडी चालते. पाणीही गिळवत नसेल तर कळवावे. तंबाखू आणि मिश्री या काळात सोडावीच लागते.

नखांवर आडवे काळे पट्टे येतात, बोटांची पेरे आणि तळहात काळवंडतात, कधी जीभेवरही डाग दिसतात. सावळ्या त्वचेवर हे जास्त उठून दिसते. दिसायला वाईट, पण निरुपद्रवी, हळूहळू जाते. पूर्वी रेडिएशन दिलेल्या जागी त्वचा पुन्हा भाजल्यासारखी लाल होणे हा मात्र कमी आढळणारा, डॉक्टरांना दाखवण्याजोगा प्रकार आहे.

हृदय : मोजून वापरायचे औषध

हृदयाच्या स्नायूपेशी प्रौढ वयात जवळजवळ विभागतच नाहीत. मग फक्त वाढणाऱ्या पेशी मारणाऱ्या औषधाचा त्यांना त्रास का व्हावा? बरीच वर्षे याचे उत्तर लोह आणि त्यातून तयार होणारी प्राणवायूची घातक रूपे यांत शोधले जात होते. २०१२ मध्ये उंदरांवर झालेल्या एका संशोधनाने दुसरा धागा पुढे आणला. टोपोआयसोमरेज-२ चे दोन प्रकार असतात; कर्करोगपेशींत एक भरपूर असतो, तर दुसरा हृदयाच्या पेशींतही असतो. हा दुसरा प्रकार हृदयातून काढून टाकलेल्या उंदरांना औषधाचा फारसा अपाय झाला नाही.

झालेली हानी साठत जाते. या महिन्यातला डोस पुढच्या महिन्यात विसरला जात नाही. म्हणून डॉक्सोरुबिसिनची मोजणी आयुष्यभराची असते. ती शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे मिलिग्रॅममध्ये करतात. १९७९ मधल्या गाजलेल्या अभ्यासात एकूण डोस ४०० झाला तेव्हा सुमारे ३ टक्के, ५५० ला ७ टक्के आणि ७०० ला १८ टक्के रुग्णांचे हृदय निकामी होऊ लागलेले आढळले. २००३ मध्ये तीन चाचण्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा हेच आकडे अनुक्रमे ५, २६ आणि ४८ टक्के निघाले. ५५० च्या पुढे धोका अचानक चढतो असे मानले जात होते, पण तो त्याआधीच चढू लागलेला होता. त्यामुळे सहसा ४५० ते ५५० ही मर्यादा पाळतात, आणि छातीवर रेडिएशन झाले असेल तर त्याहून कमी.

हे आकडे वाचून घाबरण्याआधी एक हिशेब करावा. स्तनाच्या कर्करोगात एसीचे चार डोस प्रत्येकी ६० चे, म्हणजे एकूण २४० होतात. लिम्फोमात ५० चे सहा, म्हणजे ३००. दोन्ही बेरजा मर्यादेच्या बऱ्याच आत आहेत. तरीही शून्य धोक्याचा डोस असा कोणताच नाही. वय जास्त असणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, आधीचा हृदयविकार, छातीच्या डाव्या बाजूचे रेडिएशन किंवा ट्रॅस्टुझुमॅब हे औषध, यांमुळे तो वाढतो. लहान मुलांची हृदये अधिक नाजूक असतात. २५० च्या पुढे गेलेली मुले मोठी झाल्यावरही नियमित तपासणीत राहावीत, असा सल्ला असतो.

पहिल्या डोसआधी टू-डी इको काढतात तो यासाठीच. त्यात हृदयाचे ‘पंपिंग’ किती टक्के आहे ते कळते. साधारण ५० ते ५५ च्या वर असेल तर ठीक मानतात. खरी किंमत एका आकड्याला नसते, दोन इकोंच्या तुलनेला असते. आधी ६२ असलेले पंपिंग ५१ झाले, तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलेले असूनही डॉक्टर सावध होतात. उपचार संपल्यावर वर्षभराच्या आत पुन्हा इको करावा, असे आताचे युरोपीय मार्गदर्शन सांगते. घट लवकर पकडली आणि हृदयाची औषधे सुरू केली, तर पंपिंग सुधारण्याची शक्यता बरीच चांगली असते. जिना चढताना नव्याने लागणारा दम, रात्री आडवे झाल्यावर गुदमरणे, घोट्यांवर सूज, छातीत धडधड ही लक्षणे उपचार संपून पाच वर्षे झाली असली तरी जुन्या केमोशी जोडून पाहावी लागतात. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिक देऊन ती सुटत नाहीत.

फाइलमध्ये काय लिहिलेले असावे

पुष्कळ रुग्णांचे निम्मे डोस मोठ्या शहरात आणि उरलेले जिल्ह्याच्या गावी होतात. आठ-दहा वर्षांनी आजार उलटला, किंवा दुसराच कर्करोग निघाला, तर नव्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो : आधी ‘लाल औषध’ किती झाले होते? ‘चार बाटल्या’ हे उत्तर उपयोगाचे नसते. सुमारे १.५ चौरस मीटर पृष्ठफळ असलेल्या बाईला ६० च्या हिशेबाने दर वेळी ९० मिलिग्रॅम मिळते. कागदावर ही बेरीज नसेल तर डॉक्टर एक तर चांगले काम करणारे औषध सोडून देतात, नाहीतर अंदाजाने धोका पत्करतात. एपिरुबिसिन, डॉनोरुबिसिन यांसारखी भावंडेही त्याच हिशेबात धरली जातात. प्रत्येक डोसची तारीख, औषधाचे नाव, मिलिग्रॅममधील मात्रा आणि सर्व इको रिपोर्ट यांचे फोटो फोनमध्येही ठेवावेत. कागद पावसाळ्यात भिजतात, घर बदलताना हरवतात.

यकृताची तपासणीही याच फाइलचा भाग आहे. औषध यकृतातून बाहेर पडत असल्याने बिलिरुबिन वाढले असेल तर डोस कमी करावा लागतो. काविळीवरचा झाडपाला, काढे, ‘ताकद येण्याची’ भुकटी यांतले काही पदार्थ यकृतावर ताण टाकतात. घेत असाल तर लपवू नये. मूल हवे असलेल्या स्त्री-पुरुषांनी बीज जपून ठेवण्याविषयी पहिल्या डोसच्या आधी विचारावे, कारण नंतर विचारून उपयोग कमी असतो. गर्भधारणा उपचारांत आणि त्यानंतर काही महिने टाळायची असते. क्वचित काही वर्षांनी या उपचारांमुळे रक्ताचा कर्करोगही होतो. ही शक्यता इतकी कमी असते, की आधीचा कर्करोग बरा होण्याच्या फायद्यापुढे ती लहान ठरते.

लिपोसोमल प्रकार

याच औषधाचे रेणू चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून केलेला ‘लिपोसोमल’ प्रकार अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाला. त्यात हृदयाला धोका कमी असतो, केस फारसे जात नाहीत आणि मळमळही कमी असते. बदल्यात तळहात-तळपाय लाल होऊन दुखतात, सोलतात. डोसनंतरचे काही दिवस गरम पाण्याची अंघोळ, घट्ट चपला, हाताने कपडे पिळणे किंवा बराच वेळ कणीक मळणे टाळले, तर हा त्रास कमी होतो. किंमत बरीच जास्त आहे आणि साध्या प्रकाराच्या जागी तो सरसकट वापरता येत नाही. दोन्हींच्या मात्राही वेगळ्या आहेत. बाहेरून औषध आणायला सांगितले असेल, तर चिठ्ठीवर आणि खोक्यावर ‘लिपोसोमल’ हा शब्द आहे की नाही हे जुळवून घ्यावे. औषध टोचण्याआधी सिस्टरही ते पाहतात. पण दुकानाच्या काउंटरवरच चूक लक्षात आली तर बदलून मिळण्याची शक्यता जास्त असते.